समुपदेशनाचा हिशेब

१९३९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन लगतच्या शहरांत एक मोठे काम उभे राहिले. त्यामागे डॉ. रिचर्ड क्लार्क कॅबट होते. हार्वर्डमधले नामांकित डॉक्टर आणि रुग्णालयात समाजसेवकाची नेमणूक करण्याची प्रथा रुजवणारे गृहस्थ. कामगार वस्त्यांतली मुले वाईट मार्गाला लागू नयेत म्हणून त्यांना लहान वयातच एक जिव्हाळ्याचा, समजूतदार मोठा माणूस मिळवून द्यायचा, ही त्यांची कल्पना. मुलांची वये सरासरी दहा-साडेदहा. प्रत्येक मुलाला एक समुपदेशक दिला गेला. तो महिन्यातून साधारण दोनदा घरी जायचा, आईवडिलांशी बोलायचा. अभ्यासात मागे पडलेल्यांना शिकवणी आणि आजारी मुलांना डॉक्टर मिळाले, उन्हाळ्यात बरीच मुले शिबिरांना गेली. सरासरी पाच वर्षे हे चालले.

कॅबट यांनी आणखी एक गोष्ट केली होती. तिच्यामुळेच हे काम आज आठवले जाते. वय, घरची परिस्थिती, स्वभाव जुळणाऱ्या मुलांच्या त्यांनी जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या कोणाला मदत द्यायची हे नाणे उडवून ठरवले. शेवटी दोन्ही गटांत प्रत्येकी २५३ मुले राहिली. एका गटाला समुपदेशन मिळाले, दुसऱ्याला काहीच नाही.

तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधिकेने त्या सगळ्या मुलांचा माग काढला. मुले आता चाळिशी-पन्नाशीची झाली होती. न्यायालयांची दप्तरे, रुग्णालयांच्या नोंदी, मृत्यूचे दाखले तपासले गेले आणि माणसांना प्रश्नावल्या पाठवल्या गेल्या. समुपदेशन मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी कळवले की त्या मदतीचा आपल्याला फायदा झाला. आपला समुपदेशक नसता तर आपण गुन्हेगारीत गेलो असतो, असेही काहींनी लिहिले. नोंदी मात्र वेगळेच सांगत होत्या. गुन्ह्यात सापडण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे होते. एकदा गुन्हा केल्यावर पुन्हा करणारे, दारूच्या व्यसनाची चिन्हे दिसणारे, गंभीर मानसिक आजाराची लक्षणे असणारे, रक्तदाब किंवा हृदयविकारासारखे ताणाशी जोडलेले आजार झालेले असे लोक मदत मिळालेल्या गटात जास्त निघाले. मदत मिळालेला गट सरस ठरला असा एकही ठोस निकष मॅककॉर्ड यांना सापडला नाही. १९७८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नंतर त्यांनी सहकाऱ्यांसह जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या, तेव्हा उन्हाळी शिबिरांना एकापेक्षा जास्त वेळा गेलेल्या मुलांचे नुकसान सर्वांत जास्त झाल्याचे दिसले. बिघडू पाहणारी मुले तिथे एकत्र येत होती आणि एकमेकांकडून शिकत होती, असा त्यांनी अर्थ लावला.

यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. समुपदेशक मनापासून काम करत होते आणि ज्यांच्यासाठी करत होते ते कृतज्ञ होते. तरीही परिणाम उलटा झाला. तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नसता, तर हेच काम यशस्वी म्हणून गौरवले गेले असते आणि गावोगावी त्याच्या नकला निघाल्या असत्या. समुपदेशनाच्या क्षेत्रात मूल्यमापन का हवे, याला यापेक्षा सबळ कारण देता येणार नाही.

मनाच्या दुखण्यात फसगत होण्याची एक साधी वाट आहे. सर्दी जशी औषधाविनाही ओसरते, तशी पुष्कळ माणसांची उदासी आणि चिंता काळाच्या ओघात आपोआप हलकी होते. माणूस समुपदेशकाकडे जातो तेही दुखणे अगदी टोकाला पोहोचल्यावर. त्यानंतर काहीही केले तरी थोडा उतार पडणारच, आणि त्या उताराचे श्रेय समोर बसलेल्या माणसाला जाते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९५२ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले. मज्जाविकृतीच्या (न्यूरोसिस) रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश जण मानसोपचार न घेताही दोन वर्षांत सुधारतात, मग मानसोपचाराने नेमके काय साधले, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे बरीच टीका झाली आणि ती योग्यही होती. पण त्या एका लेखाने अख्ख्या व्यवसायाला पुरावे गोळा करायला लावले. १९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र करून उत्तर दिले. उपचार घेतलेला सरासरी माणूस उपचार न घेतलेल्या शंभरातल्या ७५ जणांपेक्षा बऱ्या स्थितीत असतो, असे त्यांना दिसले. म्हणजे समुपदेशन आणि मानसोपचार सरसकट निरुपयोगी नाहीत, उलट बऱ्यापैकी गुणकारी आहेत. पण 'सरासरी' या शब्दाआड ज्यांना काहीच फरक पडला नाही आणि जे आणखी खचले, ते लपून राहतात. उपचार घेणाऱ्या प्रौढांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांची स्थिती उपचारांदरम्यान खालावते, असे संशोधन सांगते.

अपघात, आग, दंगल अशा आघातानंतर लगेचच माणसाला बसवून झालेल्या प्रसंगाबद्दल सविस्तर बोलते करायचे, ही पद्धत १९८० आणि ९०च्या दशकांत जगभर पसरली. बोलून टाकले की मन मोकळे होते, हे कोणालाही पटण्यासारखे. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर तिची रीतसर चाचणी झाली. तेरा महिन्यांनी आघातोत्तर तणावाचा विकार असे एकदा बोलते केलेल्यांपैकी २६ टक्के लोकांत आढळला, न केलेल्यांत ९ टक्क्यांत. आज जागतिक आरोग्य संघटना अशा एका बैठकीच्या उपायाची शिफारस करत नाही. आधी सुरक्षितता, अन्नपाणी, आपल्या माणसांशी गाठ आणि बोलावेसे वाटले तर ऐकणारे कोणीतरी, असा मानसिक प्रथमोपचार ती सुचवते.

समुपदेशकाला स्वतःला हे कळत नाही का? अनुभवी माणसाला समोरच्याची घसरण दिसायला नको का? यावर झालेला एक अभ्यास वाचून या क्षेत्रातले पुष्कळजण अस्वस्थ झाले. अमेरिकेतले मायकेल लँबर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये तो प्रसिद्ध केला. उपचारकांना विचारले गेले की तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणाची स्थिती शेवटी खालावलेली असेल? ५५० जणांपैकी त्यांनी तिघांकडे बोट दाखवले. प्रत्यक्षात ४० जणांची स्थिती खालावली आणि त्या तिघांपैकी एकाबद्दलचाच अंदाज बरोबर निघाला. २०१२ च्या दुसऱ्या एका पाहणीत उपचारकांना आपली तुलना इतर उपचारकांशी करायला सांगितली, तेव्हा स्वतःला सरासरीपेक्षा खाली ठेवणारा एकही निघाला नाही. आपल्याला तो अहंकार वाटेल, पण ते तितके सोपे नाही. ज्यांना बरे वाटत नाही ते भांडत नाहीत, तक्रार करत नाहीत, फक्त यायचे थांबतात. समुपदेशकाच्या आठवणीत उरतात ती आभार मानून गेलेली माणसे.

म्हणून मोजायचे. पण मनातले मोजायचे कसे, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईलच. उत्तर अगदी साध्या कागदाचे आहे. रॉबर्ट स्पिट्झर, कर्ट क्रोंके आणि जॅनेट विल्यम्स यांनी तयार केलेली नऊ प्रश्नांची 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती मराठीतही आहे आणि वापरायला पैसे पडत नाहीत. गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस वाटला नाही असे किती दिवस झाले, झोप, भूक, थकवा, स्वतःबद्दलची निराशा, लक्ष लागणे, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दोन-तीन मिनिटांत भरून होते. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आले तर बेरीज कितीही असो, समुपदेशकाने त्याच बैठकीत त्यावर बोलायचे असते.

एखाद्या बाईची बेरीज पहिल्या दिवशी १९ आली, तिसऱ्या भेटीला १७, पाचव्या भेटीला १८. बाई नेमाने येते, हसून बोलते, "तुमच्याशी बोलले की हलकं वाटतं" म्हणते. कागद सांगतो की पाच भेटींत काहीच हललेले नाही. आता समुपदेशकाने पद्धत बदलायला हवी, वरिष्ठांचा सल्ला घ्यायला हवा, नाहीतर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायला हवे. कागद नसता तर हा निर्णय आणखी सहा महिने झाला नसता. आकडा माणसाची जागा घेत नाही, पण माणूस सौजन्यापोटी जे बोलत नाही ते तो समोर ठेवतो.

हे देशभर करून दाखवले इंग्लंडने. अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयार्ड आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांच्या आग्रहातून २००६ मध्ये डॉनकास्टर आणि न्यूहॅम इथे प्रायोगिक केंद्रे निघाली आणि २००८ पासून सरकारी आरोग्यसेवेत उदासी आणि चिंतेसाठी संवादोपचारांची देशव्यापी योजना सुरू झाली. अट एकच होती, पण कडक होती. प्रश्नावली प्रत्येक भेटीला भरून घ्यायची. फक्त पहिल्या आणि शेवटच्या भेटीला मोजले तर मध्येच गळालेल्यांचा शेवटचा आकडा कधीच मिळत नाही, आणि गळणाऱ्यांत न सुधारलेले जास्त असतात. अशाने निकाल खोटे गोजिरे दिसतात. प्रत्येक केंद्राचे आकडे जाहीर होऊ लागले. उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी निम्मे तरी बरे व्हावेत, हे उद्दिष्ट ठरले आणि काही वर्षांनी देशाची सरासरी तिथे पोहोचली.

आकडे उघड झाल्यावर त्यांच्यातला फरक अभ्यासता आला, हा खरा लाभ. ज्या केंद्रांत पहिल्या भेटीसाठी कमी थांबावे लागते, बैठका पुरेशा मिळतात, ठरलेल्या भेटी कमी चुकतात, तिथे जास्त लोक बरे होतात, असे क्लार्क यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले. म्हणजे दोष प्रत्येक वेळी समुपदेशकाच्या कौशल्यात नसतो, व्यवस्थेतही असतो आणि तो दुरुस्त करता येतो. या योजनेवर टीकाही आहे आणि तिच्यात तथ्य आहे. एकाच भेटीनंतर न परतलेले लोक बरे होण्याच्या टक्केवारीत धरले जात नाहीत. उद्दिष्ट गाठण्याच्या दडपणाने कर्मचारी थकतात. दारिद्र्य, घरातली मारहाण, बेकारी हे नऊ प्रश्नांत मावत नाही. म्हणून मोजणे सोडून देणे हा काही उपाय नव्हे. काय मोजले जात नाही, हेही मोठ्याने सांगत राहायला हवे.

हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत असे वाटत असेल तर गोव्याकडे पाहावे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाचे काम केले आणि ते जगातल्या कोणत्याही चाचणीला उतरेल अशा कसोटीवर लावले. समुपदेशक म्हणून मानसशास्त्राचे पदवीधर घेतले नाहीत. किमान दहावीपर्यंत शिकलेली, स्थानिक भाषा नीट बोलणारी साधी माणसे निवडून त्यांना प्रशिक्षण दिले. तीव्र उदासी असलेल्या रुग्णांना त्यांनी सहा ते आठ भेटींत हळूहळू पुन्हा कामात आणि माणसांत आणायचे. घराबाहेर पडायचे सोडलेल्या माणसाशी बोलून या आठवड्यात काय जमेल ते ठरवायचे. संध्याकाळी शेजारी जाऊन बसणे, बागेतले थोडे काम, जे पूर्वी आवडायचे त्यातले काहीतरी. पुढच्या भेटीत विचारायचे की जमले का, आणि केल्यावर कसे वाटले.

दहा आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना नेहमीचे सुधारित उपचार, काहींना त्यासोबत हे समुपदेशन. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के उदासीतून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निकाल प्रसिद्ध झाले. हा ३९चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो नसता तर ६४ टक्के लोक समुपदेशनानेच बरे झाले असा दावा कोणीही केला असता. खरे श्रेय मधल्या फरकाचे, आणि तोही मोठा आहे.

त्याहून शिकण्यासारखी त्यांची अंतर्गत तपासणीची पद्धत. रुग्णाच्या संमतीने भेटींचे ध्वनिमुद्रण व्हायचे. दर आठवड्याला समुपदेशक गोलाकार बसायचे, एखादे मुद्रण लावले जायचे आणि प्रत्येकाच्या हातात गुणांचा तक्ता असायचा. मागच्या भेटीत ठरलेल्या कामाची चौकशी झाली का? रुग्णाला बोलू दिले का, की समुपदेशकच बोलत राहिला? भेट संपताना पुढचे काम दोघांनी मिळून ठरवले का? आधी प्रत्येकाने आपापले गुण द्यायचे, मग चर्चा. नाहीतर पहिला जो बोलेल त्याच्या मागे सगळे जातात. सहकाऱ्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात, असे अभ्यासात दिसले. आपलाच आवाज सहकाऱ्यांसमोर ऐकणे सोपे नसते. पण समुपदेशकाची जबाबदारी म्हणतात ती याहून वेगळी नाही. बंद खोलीत काय घडते ते अधूनमधून दुसऱ्या जाणत्या कानांनी ऐकले पाहिजे.

याच संस्थेची बिहारमधली एक चाचणी शाळांशी संबंधित प्रत्येकाने वाचावी अशी आहे. नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत किशोरवयीन मुलांच्या आरोग्याचा एक कार्यक्रम राबवला गेला. काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या प्रशिक्षित समुपदेशकाने राबवला, काही शाळांत त्याच शाळेतल्या शिक्षकाने, आणि काही शाळांत तो नव्हताच. कार्यक्रम तोच होता. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारले, मुलांमधली उदासी, दादागिरी आणि हाणामारी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षक कामचुकार होते असा याचा अर्थ नव्हे. वर्ग, परीक्षा आणि सरकारी कामे सांभाळून वर आणखी एक जबाबदारी आली की ती कागदावर उरते. आपल्याकडे एखाद्या शिक्षकाला दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन 'शाळेचे समुपदेशक' नेमले जाते, तेव्हा हा निकाल आठवायला हवा.

विदर्भातही मोजणी झाली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी उदासीवर गावपातळीवर काम केले. आधी उदासी असलेल्या शंभरातले जेमतेम ४ जण मदत घेत होते, दीड वर्षाने ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, त्यामुळे सगळा फरक याच कामाचा असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात आधी आणि नंतर अशी प्रामाणिक मोजणी करणारी कामे फार थोडी आहेत.

एरवी आपल्याकडचे अहवाल कसे असतात? वर्षभरात इतके विद्यार्थी आले, इतकी व्याख्याने झाली, इतक्या कार्यशाळा, खाली दीपप्रज्वलनाचा फोटो. हेल्पलाइनच्या यशाचा पुरावा म्हणून आलेल्या फोनची संख्या छापली जाते. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस'वर म्हणजे १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून लाखो फोन आले आहेत. इतक्या लोकांनी मदत मागितली ही मोठीच गोष्ट आहे, पण फोन ठेवल्यानंतर त्यांचे काय झाले, हे त्या संख्येतून कळत नाही. काम किती केले आणि कामाने काय झाले, हे दोन हिशेब वेगळे आहेत. आपण पहिलाच मांडतो आणि थांबतो.

कायद्याची बाजू आता कुठे आकाराला येते आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२च्या कायद्याने स्थापलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशकांसाठी मात्र अशी सक्तीची चौकट बराच काळ नव्हती, कोणीही पाटी लावू शकत होते. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१च्या राष्ट्रीय आयोग कायद्याने समुपदेशकांचे अनेक प्रकार आपल्या यादीत घेतले आहेत, अंमलबजावणी अजून पूर्ण व्हायची आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमण्याचा निर्देश दिला. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांपासून मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांपर्यंत आता नेमणुका होतील. नेमणूक झाली की निर्देशाचे पालन झाले, असे मानून फाइल बंद होण्याचा धोका मोठा आहे. एका समुपदेशकाकडे दोन हजार मुले असतील आणि त्याच्यावर देखरेख करणारे कोणी नसेल, तर केंब्रिज-सॉमरव्हिलची चूक आपण मोठ्या प्रमाणावर करू.

म्हणून मागणी करायला हवी ती समुपदेशन घेणाऱ्यांनी आणि पालकांनी. समुपदेशकाकडे जाताना पहिल्याच भेटीत विचारावे, की आपण काय बदलायचे ठरवतो आहोत, ते बदलले की नाही हे कधी आणि कसे पाहणार, आणि बदलले नाही तर पुढे काय. तुमच्या कामावर कोणाची देखरेख आहे, हेही विचारावे. चांगला समुपदेशक या प्रश्नांनी दुखावत नाही, त्याच्याकडे उत्तरे तयार असतात. जो चिडेल किंवा "विश्वास ठेवा" एवढेच म्हणेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. आणि शाळेच्या पालकसभेत वार्षिक अहवाल वाचला जाईल तेव्हा एखाद्या पालकाने उठून विचारावे, की समुपदेशकांकडे आलेल्या मुलांपैकी किती जणांना बरे वाटले, किती जणांना नाही, आणि ज्यांना नाही त्यांच्यासाठी शाळेने काय केले. नावे विचारू नयेत, ती गुप्तच राहायला हवीत. पण आकडे विचारावेत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारावेत.